पठारावरच्या माणसांचा समुद्र

होसकोट्यात राहणाऱ्या माणसाला पाणी म्हटले की आधी गावचे तळे आठवते. पाऊस चांगला झाला की ते काठोकाठ भरते आणि पाखरांचे थवे उतरतात. समुद्र मात्र लांब. हे गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ नऊशे मीटर उंचीवर. पूर्वेला जा की पश्चिमेला, गाडीने तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडल्याखेरीज लाट दिसत नाही. बिर्याणीसाठी पहाटे चारला रांग लावणारे हे गाव सुट्टी लागली की त्याच उत्साहाने समुद्राकडे निघते. त्यात इथल्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही असतात.

अलीकडे प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत कॅरिबियन बेटांचे फोटो असतात. निळेशार पाणी, पांढरी वाळू, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथी तरंगणारी माणसे. कॅरिबियन म्हणजे आपल्याला क्रिकेटमुळे माहीत असलेले वेस्ट इंडीज. हा जो नळीचा खेळ, त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात, आणि त्यासाठी बार्बाडोस किंवा जमैकाला जायला नको. आपल्या मालवणात तो होतो. बेंगळुरूहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली की सकाळी बेळगाव. तिथून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे दुपारपर्यंत मालवण गाठता येते. त्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि दुसरा अख्खा दिवस समुद्राला द्यावा.

मालवणशी होसकोट्याचे एक जुने नातेही आहे. बेंगळुरूच्या ज्या जहागिरीवर शहाजीराजे होते, तिच्यात होसकोटे आणि कोलारही मोडत. १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकातच, होदिगेरे येथे, शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या पुत्राने मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. वडिलांची जहागीर पठारावर आणि मुलाचा किल्ला पाण्यात! याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढतात. हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. स्नॉर्कलिंगच्या होड्या या खडकांपाशीच येऊन थांबतात.

आता हा खेळ आहे तरी काय? डोळ्यांना आणि नाकाला झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरायची एक वाकडी नळी आणि अंगात तरंगणारे जाकीट, एवढेच सामान. पाण्यात नुसते डोळे उघडले तर सारे धूसर दिसते, कारण आपला डोळा हवेतून येणाऱ्या प्रकाशासाठी घडलेला आहे. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवेचा थर राहतो आणि चित्र एकदम स्वच्छ होते. वस्तू खऱ्यापेक्षा साधारण तृतीयांशाने मोठ्या आणि अधिक जवळ भासतात, ही आणखी गंमत. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुण्याचा उपाय जगभर चालतो. मुलींनी नाके मुरडली तरी तो गुणकारी आहे.

नळी हातभरसुद्धा लांब नसते. चौकस मुले विचारतात, "मोठी नळी घेतली तर तळाशी जाता येईल ना?" नाही येणार. थोड्याच खोलीवर पाण्याचा दाब छातीवर इतका पडतो की श्वास ओढता येत नाही. शिवाय लांब नळीत आपण सोडलेलीच हवा पुन्हा आत येते. म्हणून स्नॉर्कलिंग पाण्याच्या वरच करायचे. तोंड पाण्यात, पाठ आकाशाकडे आणि श्वास तोंडाने, सावकाश.

पहिली दोन मिनिटे जीव घाबरतो. नाकाने श्वास घ्यायची सवय जन्माची, ती एकदम सुटत नाही. मालवणात सोबतचा माणूस हवेने भरलेली रिंग धरायला देतो आणि आपल्याला हळूहळू खडकांवरून ओढत नेतो. श्वासाची लय लागली की कानांत फक्त आपल्याच श्वासाचा आवाज उरतो. खाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे खडकाशी घुटमळत असतात. कुणाला पोपटाच्या चोचीसारखे तोंड असते, आणि ते खडक कुरतडताना दिसते.

इथे एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. तो जो खडबडीत, गोल, हिरवट-तपकिरी दगड दिसतो, तो दगड नसतो. असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी मिळून बांधलेले ते घर असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि ते उन्हाच्या मदतीने त्यांना अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि ताप टिकला तर मरते. २०२४ साली हे संकट जगभरच्या समुद्रांत पसरल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. मोठे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे आपली टाच टेकून हाताएवढा तुकडा मोडला, तर तो भरून यायला मुलाचे सारे शिक्षण पुरे होण्याइतकी वर्षे लागतील. होडीवाले सांगतात, "पाय खडकार ठेवू नकात हां!" तेव्हा ते आपल्या टाचेची आणि प्रवाळाची, दोघांची काळजी घेत असतात. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. आठवण म्हणून त्याचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे.

इतके सारे सांगितले, पण आमचे खरे सांगणे पुढेच आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी कोलार जिल्ह्यातल्या मुळबागल तालुक्यातील एका निवासी शाळेची सहल मुर्डेश्वरला गेली होती. चार विद्यार्थिनी समुद्रात बुडून गेल्या. मुळबागल होसकोट्याहून त्याच कोलारच्या रस्त्यावर पुढे लागते. त्याआधी १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. ही सारी पठारावरची मुले. समुद्राजवळ वाढलेली मुले लाटेचा रंग बघून मागे सरतात; आपल्या मुलांना ती ओळख कुणी करून दिलेली नसते. तळे एका जागी असते, समुद्र मात्र ओढतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत जाते. वरून ती जागा उलट शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडले तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून हाक द्यावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे.

म्हणून काही लोक म्हणतात, "नकोच तो समुद्र!" आम्हांला तसे वाटत नाही. भीती घालून मूल शिकत नाही, संधी मिळताच ते चोरून पाण्यात उतरते. त्यापेक्षा रीतसर ओळख करून द्यावी, आणि स्नॉर्कलिंग ही ओळखीची उत्तम रीत आहे. जाकीट अंगात असते, जाणता माणूस शेजारी असतो आणि मन बघण्यात गुंतल्यामुळे आडदांडपणा सुचत नाही.

तयारी घरापासून करावी. बादलीत तोंड बुडवून तोंडाने हवा सोडण्याचा सराव मुलांकडून आठवडाभर करून घ्यावा, अर्थात मोठ्यांच्या देखत. जमल्यास तरणतलावात शिकवणी लावावी. तळ्यात मात्र सरावाला कुणी उतरू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ असते. पावसाळ्यात हे सारे बंद असते. सकाळची वेळ धरावी, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात. पोटभर जेवून उतरू नये. दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाठ उन्हाने भाजते, म्हणून अंगात बाह्यांचा सदरा असू द्यावा. होडीत जाकिटे माणशी एक आहेत की नाहीत ते मोजून मगच पाय ठेवावा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता. तेव्हा पाण्यातून वर आलो की काम झाले असे समजू नये. किनाऱ्याला पाय लागेपर्यंत जाकीट अंगावर राहू द्यावे.

बेंगळुरूकरांना मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेटही माहीत असते. तिथले पाणी सुंदर आहे, पण होडीचा प्रवास लांब आणि भोवती खुला समुद्र. पहिल्या खेपेला मालवणच बरे.

"मला पोहता येत नाही, मी तिथे येऊन काय करू?" असे घरच्या आजी विचारतील. त्यांनी सिंधुदुर्ग पाहावा. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दुपारी सर्वांनी मिळून बांगड्याचे किंवा शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचे जेवण घ्यावे, वर वाटीभर सोलकढी, आणि माडाच्या सावलीत तासभर आडवे व्हावे. संध्याकाळी तारकर्ली-देवबागचा किनारा गजबजलेला असतो. वाळूत किल्ले करावेत, रापण ओढणारे कोळी दिसले तर थांबून पाहावे, बाजारातून मालवणी खाजे घ्यावे. मुलांनी पाण्यात पाय भिजवावेत, पण घोट्यापर्यंतच, आणि मोठ्यांपैकी एकाने फक्त त्यांच्याकडेच बघत उभे राहावे. ते काम दर अर्ध्या तासाने वाटून घेतले की कुणाचीच सुट्टी बुडत नाही.

परतल्यावर मुलांना शाळेत सांगायला पुष्कळ असेल. त्यात माशांच्या रंगांबरोबर पाण्याच्या ओढीची गोष्टही त्यांनी मित्रांना सांगावी. पुढच्या सहलीला निघालेल्या एखाद्या वर्गाला ती उपयोगी पडेल.