मोडलेला बोल्ट

अंबरनाथच्या मोरिवली भागांत जे राहतात त्यांस कारखान्यांची ओळख नव्यानें करून देण्याची गरज नाहीं. याच अंबरनाथांत १९५३ सालीं यंत्रहत्यारांचे नमुने घडविणारा सरकारी कारखाना निघाला. मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतींत तर लेथ, ड्रिल व वेल्डिंग यांवर चरितार्थ चालविणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. असें असूनही सुटीच्या दिवशीं घरची मोटार दुरुस्त करतांना एखादा बोल्ट मोडला, कीं शेजारीं उभ्या असलेल्या मुलास बहुधा हेंच ऐकावें लागतें : "तूं हात काळे करूं नकोस, अभ्यासाला बैस." आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. मोडलेला बोल्ट काढणें हाही अभ्यासच होय, आणि तो मुलानें व मुलीनेंही वडिलांशेजारीं बसून करावा.

बोल्ट मोडतो कां, येथूनच हा अभ्यास सुरू होतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने गाडीच्या तळाशीं चिखलपाणी सांचून राहतें. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांच्या फटींत पाचर मारल्यासारखा बसतो. ॲल्युमिनियमच्या भागांत पोलादी बोल्ट असेल तर दमट हवेंत दोन धातूंची लहानशी विद्युत्घटमाला तयार होते व ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी आटे जखडून टाकते. विज्ञानाच्या पुस्तकांत जें प्रकरण मुलें पाठ करितात तेंच येथें गाडीखालीं घडत असतें. अशा बोल्टावर पाना चढवून, पान्यावर लांब नळी घालून सर्व भार टाकला, तर बोल्ट फिरण्याऐवजीं त्याचें डोकें हातांत येतें. तेल घालून एक रात्र थांबण्याचा कंटाळा, हेंच बहुतेक वेळां खरें कारण असतें.

डोकें तुटलें कीं पुष्कळ लोक हताश होतात. त्यांनीं आधीं एक विचार करावा : हा बोल्ट आवळतांना मोडला कीं सोडवितांना? आवळतांना लावलेल्या जोराचा सुमारें नऊदशांश भाग घर्षणांतच खर्च होतो, व त्यांतील निम्म्याहून अधिक घर्षण डोक्याखालीं असतें. डोकें गेलें कीं तें घर्षणही गेलें आणि ताणलेल्या बोल्टाचा ताणही सुटला. म्हणून आवळतांना मोडलेला खुंट कधीं कधीं टोकदार पंचानें हळूहळू ठोकून फिरवितां येतो. सोडवितांना मोडलेला मात्र गंजानें धरलेला असतो. त्याच्याशीं जबरदस्ती उपयोगाची नाहीं.

खुंट बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून तो आंतून वेल्डिंगनें जोडावा, हा फिटर लोकांचा उपाय आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नव्या डोक्याबरोबर उष्णताही मिळते, आणि तापल्यानें गंजाची पकड ढिली होते. हें काम जाणत्या वेल्डरकडूनच करवावें, बॅटरीच्या तारा आधीं सोडाव्या, व पेट्रोलची टाकी किंवा नळी जवळ असेल तर भाग गाडीवरून उतरवूनच न्यावा. ब्रेक धुण्याचीं कांहीं द्रव्यें क्लोरीनयुक्त असतात. त्यांनीं ओला झालेला भाग तापविल्यास फॉस्जीन नांवाचा विषारी वायु निर्माण होऊं शकतो, हें घरोघरीं माहीत असलें पाहिजे.

खुंट पृष्ठभागाच्या आंतच राहिला असेल तर काम नाजूक होतें. कानशीनें तोंड सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंचची खूण करावी. खूण बाजूस गेली तर ड्रिल पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतें व भोंक बिघडतें. शक्य असेल तर उलट्या फिरकीचें ड्रिल वापरावें. भोंक पाडतां पाडतांच खुंट सुटून वर येण्याचा संभव असतो. ८ मिलिमीटर व्यासाच्या नेहमींच्या बोल्टाचे आटे सव्वा मिलिमीटर अंतरावर असतात. त्यास अगदीं मध्यावर पायरीपायरीनें ६.८ मिलिमीटरपर्यंत भोंक पाडलें, तर आट्यांचें उरलेलें पातळ वेटोळें उचकटून काढतां येतें.

बाजारांत "ईझी-आउट" या नांवानें जें उलट्या आट्यांचें हत्यार मिळतें त्याच्या नांवाविषयींच आमची तक्रार आहे. तें फार कठीण व तितकेंच ठिसूळ असतें. गंजानें धरलेल्या खुंटांत तें पिळलें, कीं आंत मोडतें. मग साध्या ड्रिलचें त्याच्यापुढें कांहीं चालत नाहीं. अशा वेळीं विजेच्या ठिणग्यांनीं धातु झिजविणारें यंत्र शोधावें लागतें. ही पद्धत रशियांतील लाझारेन्को दांपत्यानें १९४३ च्या सुमारास काढली. म्हणून हें हत्यार शेवटीं वापरावें, आणि खुंट किंचित् तरी हलूं लागल्यावरच.

परंतु सर्वांत मोठी चूक बोल्ट निघाल्यानंतर होते. त्याच्या जागीं दुकानांतला कोणताही चकचकीत बोल्ट बसविला जातो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे असतात, ते शोभेसाठीं नव्हेत. ८.८ पैकीं पहिला आंकडा सांगतो कीं हें पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारें ८०० न्यूटन ताण सोसतें. दुसरा सांगतो कीं त्या ताणाच्या आठदशांशापर्यंत तें कायमचें वाकडें होत नाहीं. ब्रेक, चाकें वा सुकाणू यांच्या ठिकाणीं हलका बोल्ट घालणारा मनुष्य आपल्याच मुलांचे प्राण त्यावर टांगतो. या भागांतला बोल्ट मोडला तर पैसे वांचविण्याचा विचार सोडून गाडी चांगल्या कारागिराकडेच न्यावी, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

परीक्षेच्या वर्षीं हे उद्योग कशाला, असें विचारणारे पालक आम्हांस भेटतात. मे महिन्याच्या सुटींत परीक्षा नसते. भंगारवाल्याकडे गंजलेल्या बोल्टांसकट जुना भाग स्वस्तांत मिळतो. त्यावर मुलांचा हात बसवावा. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि गाडीखालीं जावयाचें झाल्यास नुसत्या जॅकवर विसंबूं नये, पक्क्या घोड्या लावाव्या. तेल घातलें कीं मुलांस निजावयास पाठवावें. खुंटाचें काय झालें तें सकाळीं पाहतां येतें.