विमान डोक्यावर, प्रवासी रस्त्यावर

बिदरजवळच्या कमठाणा गावाला विमानाचे अप्रूप नाही. बिदरचा तळ हे हवाई दलाचे जुने प्रशिक्षणकेंद्र. ‘सूर्यकिरण’ पथकाचेही ते ठिकाण. विमानांची घरघर तेथील शेतकऱ्याच्या कानांस सवयीची आहे. मात्र बिदरहून बंगळूरला विमानाने जाण्यासाठी त्याला 7 फेब्रुवारी 2020 पर्यंत वाट पाहावी लागली. या विलंबास एक आकडा बराचसा कारण झाला. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाच्या करारात 150 किलोमीटर हवाई अंतराच्या आत दुसरा विमानतळ नको, अशी अट होती आणि बिदर तेथून जेमतेम 120 किलोमीटर! चालक कंपनीने संमती दिली तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला.

बिदर-बंगळूर हवाई अंतर सुमारे 520 किलोमीटर. रस्त्याने ते 700 च्या घरात जाते व रात्र मोडते. विमानास तास-सव्वा तास पुरतो. पण विमान असेल तर! पहिली सेवा खंडित झाली. जून 2022 मध्ये दुसरी आली, तीही 2023 च्या अखेरीस थांबली आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात प्रवाशाने काय करावयाचे? तीन तास शमशाबादच्या रस्त्यावर, दोन तास विमानतळावर, मग उड्डाण आणि देवनहळ्ळीहून शहरात शिरण्याची यातायात निराळीच. नकाशावरचे अंतर तसूभरही वाढले नाही. माणसाचा दिवस मात्र गेला.

‘उडान’ योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाचे भाडे काही आसनांपुरते 2500 रुपयांवर बांधण्याचा संकल्प होता, तो स्तुत्यच होता. परंतु त्यासाठी कंपनीस मिळणाऱ्या साहाय्याची मुदत साधारणतः तीनच वर्षांची. पुढे काय, याचा विचार आरंभीच झाला नाही, तर नव्याचे नऊ दिवस संपावयास वेळ लागत नाही.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून गोमंतकीयांनी दुर्लक्षू नये. 1472 मध्ये बहामनींचा वजीर महमूद गवान याने गोवा जिंकला, तेव्हापासून बिदरशी आपला इतिहास जोडलेला आहे. आपला दाबोळीही लष्करी तळावरचाच विमानतळ. जानेवारी 2023 पासून मोपाहूनही विमाने उडू लागली. पण काणकोणच्या माणसाला मोपा गाठण्यास लागणारा वेळ मोपाहून मुंबईस उडण्याच्या वेळेहून अधिक आहे, हे कोण मोजतो?

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की प्रवासाचा वेळ धावपट्टीपासून नव्हे, घराच्या उंबरठ्यापासून मोजावा. विमानाच्या वेळेशी जुळणाऱ्या बसगाड्या आणि साहाय्य सरल्यावरही सेवा टिकेल अशी तजवीज, या दोन गोष्टी उद्घाटनाच्या फितीपूर्वी ठरल्या पाहिजेत. विमानतळ बांधला म्हणजे गाव जवळ आले असे नव्हे. ठरल्या वेळी विमान सुटले, तरच ते जवळ येते.