जिल्हा झाला, नाली कोण उपसणार?



जिल्हा झाला, आता निधी आपोआप येईल, तेव्हा आधी वेशीवर भव्य प्रवेशद्वार बांधा, हे गेल्या अंकातलं पत्र पटलं नाही. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौंसर तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे निघाले, पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर आले. नळ, नाल्या, दिवाबत्ती मात्र नगरपालिकांच्याच गळ्यात, आणि त्यांचे डोळे भोपाळहून येणाऱ्या चुंगी क्षतिपूर्तीकडे, म्हणजे जकातीच्या भरपाईकडे. घरपट्टीचं नाव काढलं की पार्षद छताकडे बघतात. (आपणही बघतोच म्हणा.)

संत्र्याच्या हंगामात सडकी फळं टायरखाली चिरडतात, तो आंबूस रस नालीत साचतो. ती उपसायला माणूस लागतो. गोटमारीच्या जत्रेनंतर जाम नदीचा काठ कोण झाडतं, हेही पत्रलेखकांनी एकदा सकाळी येऊन पाहावं.

– एक करदाता, पांढुर्णा