एकोणीस डॉलरचा फरक

कोणती वस्तू कुठे स्वस्त मिळते हे ज्याला विचारावे, असा एक माणूस प्रत्येक मंडळात असतो. ओहायोतल्या आमच्या मराठी मंडळात हा मान गेली पंचवीस वर्षे माझ्याकडे आहे. मोटारीचे टायर, मुंबईची विमानाची तिकिटे, कपडे धुण्याचे यंत्र, इतकेच काय, पण प्रेशर कुकरची रबरी रिंगसुद्धा. लोक फोन करतात आणि मी दोन दिवसांत तक्ता करून देतो. डावीकडे दुकानांची नावे, पुढे किंमत, पाठवण्याचा खर्च, विक्रीकर आणि शेवटी बेरीज. बायको म्हणते, तुम्हांला शेवटची बेरीज सोडून दुसरे काही दिसतच नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य असावे, असे मला तीन वर्षांपूर्वी प्रथम वाटले.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, तीस वर्षांचा घरोबा. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर म्हणाले, "अरे, एक पिस्तूल घ्यावं म्हणतोय. ऑनलाइन स्वस्त पडतं की इथल्या दुकानात, जरा बघून ठेव."

वहिनींना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मुलगी कॅलिफोर्नियात, मुलगा लंडनला. चार खोल्यांच्या घरात हे एकटे. दोन गल्ल्या सोडून एका घरी चोरी झाली होती, तेव्हा कारणही पटण्यासारखे होते. क्षणभर मला चमत्कारिक वाटले, नाही असे नाही. हा माणूस झुरळ दिसले तरी वहिनींना हाक मारायचा. पण पुढच्याच क्षणी मी विचारले, "कितीपर्यंतचं बघू?"

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याला यातला उलटेपणा लगेच जाणवेल. आपल्याकडे बंदुकीची किंमत हा शेवटचा प्रश्न. आधी अर्ज, मग पोलिसांची चौकशी, मग परवाना. आणि तो मिळाला तर दुकान. माझ्या आजोळी शेजारच्या वाड्यात एक दुनळी होती. तिचे मला आठवते ते एवढेच, की निवडणूक आली की ती कापडात गुंडाळून पोलिस ठाण्यात जमा व्हायची आणि मतमोजणीनंतर परत यायची. एरवी ती भिंतीवर. १९५९च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना म्हणजे सरकारने तुम्हांला दिलेली सवलत. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क मानला जातो. व्हिसावर तात्पुरत्या आलेल्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही, पण ग्रीन कार्डवाल्याला आणि नागरिकाला येते. आमचे स्नेही नागरिक होऊन वीस वर्षे झाली होती. ओहायोत पिस्तूल विकत घ्यायला वेगळा परवाना लागत नाही. म्हणजे उरला प्रश्न किमतीचा, आणि तो माझा प्रांत.

आता ऑनलाइन म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण भारतातल्या नातेवाइकांची समजूत अशी असते की इथे पिझ्झ्यासारखे पिस्तूल दाराशी येऊन पडते. एके काळी जवळजवळ तसेच होते. १९६३ साली ली हार्वे ओस्वाल्डने मासिकातली जाहिरात पाहून शिकागोच्या एका दुकानाकडून टपालाने रायफल मागवली. नाव खोटे दिले. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपाल व हाताळणी दीड डॉलर. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा बळी घेतला. तरीही कायदा व्हायला पाच वर्षे गेली. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. तेव्हापासून परराज्यातून टपालाने थेट गिऱ्हाइकाच्या घरी बंदूक पाठवता येत नाही. संगणकावर पैसे भरले तरी माल येतो तो तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे. तिथे जाऊन, ओळखपत्र दाखवून, ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरायचा. दुकानदार तुमचे नाव तपासणीला पाठवतो. ही केंद्रीय तपासणी १९९८च्या नोव्हेंबरात सुरू झाली. बहुतेकांचे उत्तर काही मिनिटांत येते. मग दुकानदार आपला मेहनताना घेऊन दुसऱ्याने विकलेली बंदूक तुमच्या हाती देतो.

म्हणजे ऑनलाइन घ्या की समोरासमोर घ्या, काउंटर चुकत नाही.

माझा तक्ता पुढीलप्रमाणे झाला. गावातल्या दुकानात ५५९ डॉलर, त्यावर विक्रीकर ४२, एकूण ६०१. ऑनलाइन तेच पिस्तूल ४८९. सत्तर डॉलरचा फरक पाहून कोणीही हुरळून जाईल. पण पाठवण्याचे २०, कर ३८ (परराज्यातल्या विक्रेत्यालाही कर लावायला लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्यापासून ती जुनी पळवाट बुजली) आणि गावातल्या दुकानदाराचा हस्तांतराचा मेहनताना ३५. एकूण ५८२. फरक राहिला एकोणीस डॉलरचा. शिवाय पिस्तुलाच्या कारखान्यातल्या किमतीवर दहा टक्के अबकारी कर १९३७च्या कायद्याप्रमाणे वन्यजीव संरक्षणासाठी जातो, तो दोन्हीकडे आधीच धरलेला. इतका सुबक तक्ता मी क्वचितच केला असेल.

तक्त्यात तिसरी ओळही होती. राज्यातल्याच एखाद्या माणसाकडून जुने पिस्तूल घेणे. ना कर, ना पाठवणावळ, ना फॉर्म. केंद्राचा कायदा अशा खासगी व्यवहाराला तपासणी सक्तीची करीत नाही. काही राज्यांनी ती केली आहे, ओहायोने केलेली नाही. वाहनतळावर भेटायचे, पैसे द्यायचे, वस्तू घ्यायची. साडेतीनशे डॉलरमध्ये काम झाले असते. ती ओळ मी लिहिली, याचे मला आज वाईट वाटते.

एकोणीस डॉलरसाठी आठवडाभर कशाला थांबायचे, म्हणून आम्ही गावातल्या दुकानात गेलो. मासेमारीच्या गळांच्या आणि शिकारीच्या टोप्यांच्या मागे लांबलचक काचेचे कपाट. दुकानदार सत्तरीचा, दोन्ही कानांत श्रवणयंत्रे. हवे ते पिस्तूल त्याने काढून समोर ठेवले आणि गप्पा मारू लागला. पहिलंच का? पूर्वी कधी चालवलंय? आमचे स्नेही म्हणाले, नाही. शिकायचंय का, सरावाची जागा मागेच आहे. गरज नाही, म्हणाले. हातात बसतंय का पाहा, दुसरं एक हलकं आहे. हेच चालेल. तिजोरी आहे घरी? नाही. घरी कोण कोण असतं? त्यावर ते म्हणाले, "कोणी नाही. आता कोणीच नाही." पुढे त्याने काडतुसांचे विचारले, तर एक डबी पुरे, म्हणाले.

दुकानदाराने पिस्तूल उचलून परत कपाटात ठेवले. आवाज न चढवता म्हणाला, आज मी तुम्हांला हे विकणार नाही. पुढच्या शनिवारी या, मी स्वतः शिकवीन, पैसे घेणार नाही, मग बघू. निघताना त्याने माझ्या हातात एक कार्ड दिले. दुकानाचे असेल म्हणून मी ते खिशात टाकले.

गाडीत बसल्यावर स्नेही संतापाने थरथरत होते. "बघितलंस? पस्तीस वर्षं कर भरतोय या देशात. आपला रंग बघून नाही म्हणाला तो." खरे सांगायचे तर मलाही तेच वाटले होते. इथे राहिलेल्या माणसाला असे अनुभव येतात, आणि आले की जो तो त्याच साच्यात बसतो. घराशी उतरताना म्हणाले, "ऑनलाइनच मागव. एकोणीस डॉलरही वाचतील."

घरी येऊन मी संगणक लावला. पैसे भरण्यासाठी पाकीट काढताना ते कार्ड बाहेर पडले. त्यावर दुकानाचे नाव नव्हते. ९८८ हा आकडा होता, आणि खाली दोन ओळी. हा इथला मानसिक संकटातल्या माणसांसाठीचा दूरध्वनी क्रमांक. मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो.

त्या दुकानदाराला हे कुठून सुचले, याचा नंतर मी शोध घेतला. २००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यात आठवड्याच्या आत तीन माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि प्रत्येकाने काही तासांत स्वतःचे आयुष्य संपवले. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दुकानाचे मालक राल्फ डेमिको हे पक्के बंदूकवाले. पण ते हादरले. सार्वजनिक आरोग्याचे काम करणारी मंडळी आणि बंदूक विक्रेते, एरवी एकमेकांची तोंडे न पाहणारी ही माणसे, एकत्र बसली आणि दुकानदारांसाठी एक टिपण तयार झाले. ज्याला बंदुकीतले काही कळत नाही आणि कळून घ्यायचेही नाही, कोणती घ्यावी याचे ज्याला सोयरसुतक नाही, ज्याच्या बोलण्यात नुकताच झालेला आघात डोकावतो, अशा गिऱ्हाइकाला थांबवा. दुकानदाराला नाही म्हणायचा अधिकार आहे. पुढे इतर राज्यांतही हे लोण पसरले.

अमेरिकेतल्या बंदुकीच्या मृत्यूंविषयी आपण वाचतो ते शाळांतल्या गोळीबारांचे. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे असतात. ती ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ टळला, तर माणूस बहुधा तगतो. बंदूक हाताशी असली की तो वेळच मिळत नाही.

मग किमतीचा हिशेब कसा करायचा? गावातल्या दुकानाच्या ५५९ डॉलरमध्ये त्या म्हाताऱ्याची दहा मिनिटे धरलेली होती, आणि माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. ऑनलाइन मागवलेल्या पिस्तुलालाही काउंटर असतो हे खरे, पण तिथला दुकानदार पस्तीस डॉलरचा हमाल. पैसे भरून झालेले, माल गिऱ्हाइकाचा; तो कशाला विचारील की घरी कोण असते? आणि वाहनतळावरचा विक्रेता तर नावही विचारणार नाही.

गावचा दुकानदार म्हणजे साधू, असेही मला म्हणायचे नाही. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसे मारणाऱ्या तरुणाने पिस्तूल दुकानातूनच, समोरासमोर घेतले होते. तपासणीचे उत्तर तीन कामाच्या दिवसांत आले नाही तर विक्री करता येते, या तरतुदीचा त्याला फायदा झाला. तिथला काउंटर कायद्याने चालला आणि आंधळा राहिला. आमच्या दुकानदाराला कायद्याने अडवण्याचे कारण नव्हते. स्नेह्यांचे नाव तपासणीत अगदी स्वच्छ निघाले असते. त्याने फक्त माणूस पाहिला. ते काम खरे तर माझे होते. तीस वर्षांचा घरोबा माझा, आणि मी विचारले काय, तर कितीपर्यंतचं बघू. परदेशात आल्यावर काटकसर हा आमचा धर्म होता, त्याबद्दल मला लाज नाही. पण तिच्या आडून आपण एकमेकांना अवघड प्रश्न विचारायचे टाळतो. फोनवर तासभर टायरच्या किमती बोलतो आणि वहिनींचे नाव निघाले की हवामानावर येतो.

त्या रात्री आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. दार उघडले तेव्हा आत दिवा नव्हता. बायकोने स्वयंपाकघरात जाऊन भाताचा कुकर लावला. मी विचारले, "कशासाठी हवं होतं पिस्तूल?" पुष्कळ वेळ ते बोलले नाहीत. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग म्हणाले, "चोरासाठी नव्हतं रे."

मुलीला फोन केला, ती शुक्रवारी आली. ते सहा आठवडे तिच्याकडे राहिले. डॉक्टर झाले, औषधे झाली, अजून थोडी चालू आहेत. त्या दुकानदाराला मी नंतर भेटून आलो. त्याने मला ओळखले नाही. मी आठवण दिली, तेव्हा त्याने श्रवणयंत्र नीट केले आणि विचारले, "ते कसे आहेत?"

गेल्या महिन्यात स्नेह्यांचा पुन्हा फोन. एअर फ्रायर कुठे स्वस्त पडेल, बघून ठेव.

"कशाला हवाय?" मी विचारले.

पलीकडे थोडा वेळ शांतता आणि मग हसणे. "साबुदाणा वड्याला रे बाबा. रविवारी या दोघे."