चार-के-एस

परवा पुतण्याने अकोल्याहून (आपल्या नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं नव्हे!) आत्याच्या ओव्या पाठवल्या. वडिलांनी २००३ साली जुन्या फाँटात टाईप केलेल्या. फाँट कसला, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. कॉलेजच्या मेलला अनोळखी फाईल जोडता येईना, म्हणून त्याने मजकूरच चिकटवला. माझ्याकडे आली ती निम्मी प्रश्नचिन्हं. आत्या आणि वडील, दोघंही आता नाहीत. धस्स झालं.

त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. म्हटलं, "टर्मिनल उघड. बेस६४ लिही, पुढे फाईलचं नाव, एंटर."

"काका, हे तर अजूनच बिघडलं!"

"तेच पाठव."

इकडे तीच आज्ञा उलटी चालवली आणि फाईल जशीच्या तशी. गंमत काही नाही. फाईलचे तीन-तीन बाइट घ्यायचे आणि चार साधी अक्षरं लिहायची. मोठी-लहान मिळून ५२, दहा आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ. ही ६४ मेलच्या वाटेने न मोडता जातात. फाईल तिसऱ्या हिश्श्याने फुगते, एवढीच किंमत. १९८० साली मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी बर्कलेत लिहिलेल्या यूयूएनकोडचीही हीच युक्ती.

मग त्या ओव्या युनिकोडमध्ये आणल्या. तिथे मराठीत लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये नेमके तीन बाइट घेतं, म्हणजे बेस६४ मध्ये चार अक्षरं. 'न' म्हणजे चार-के-एस-ओ. अहमदनगर २८ अक्षरांत मावायचं, २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला ४० लागतात :)

माझं मत विचाराल तर आपलं नुकसान त्या गिचमिडीने केलं नाही, ती निदान परत उलगडते. नुकसान केलं ते मराठी दिसणाऱ्या, पण आतून मराठी नसलेल्या फायलींनी. छापून आलं की काम झालं, असं आपण मानलं. तुमच्या घरी अशा फायली असतील तर टाईप करणारं माणूस आहे तोवर बदलून घ्या. त्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, ती उचलून मागे न्यावी लागते. रफाराचं उलट. यंत्र चुकतं, ते ओळखायला कुणीतरी लागतं.

माझा एका ओवीतला एक शब्द अडलाय. आत्याचा उच्चार तसा होता, की वडिलांचं बोट चुकलं?