आरशामागची फळी

दिवाळीला आपण माळा आवरतो, डबे घासतो. पण आरशामागची फळी? गेल्या रविवारी मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि ती रिकामी करायला घेतली. अर्धवट शांपूच्या बाटल्या, वाळलेलं नेलपॉलिश, नणंदेच्या लग्नात घेतलेली लिपस्टिक (तिचा मुलगा आता चौथीत आहे!), सासूबाईंची पावडरीची डबी. आणि एक छोटीशी क्रीमची डबी. वर गोऱ्यापान बाईचं चित्र. कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. ती कुणी आणली, कुणीच सांगेना.

मला एकदम अकोला आठवलं. २०२३ साली बातमी आली होती. तिथली बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्याही किडन्या बिघडल्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेता घेता धागा पोचला तो ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत. त्यात पारा होता! त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण सापडले आणि सरकारने 'ऑपरेशन सौंदर्य' नावाने दुकानांची झडती घेतली.

कायदा नाही असं नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, बॅच नंबर, वापराची मुदत छापायलाच हवी. पण बिनपत्त्याच्या डबीचा कारखाना तपासायला जायचं तरी कुठे?

पारा त्वचेतला रंग तयार होणं अडवतो. त्यामुळे फरक लवकर दिसतो आणि एकीचं बघून दुसरी घेते. 'मुलगी उजळ हवी' हे ज्या घरांत अजून ऐकू येतं, तिथल्या मुलीला तरी काय बोलायचं?

म्हणून मी कुणावर ओरडले नाही. रात्री लेक आपणहून आली. "आई, गॅदरिंगच्या आधी महिनाभर लावलं होतं." सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवी तपासायला सांगितली. प्रोटीन जात नव्हतं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बाकीचं आवरणं सोपं. वास बदललेलं, पाणी सुटलेलं, मुदत संपलेलं सगळं बाजूला काढलं. डोळ्यांच्या वस्तूंना तर मुळीच दयामाया दाखवली नाही, उघडलेला मस्कारा तीन-चार महिन्यांपलीकडे ठेवू नये. सासूबाईंची पावडर तेवढी टाकली, डबी धुऊन त्यांनाच दिली. त्यात आता बटणं आहेत.

एक कबुली देते. दरवर्षी असलं उरलंसुरलं मी आमच्या धुणंभांड्याच्या मावशींना द्यायची, वर दिल्याचं समाधानही मानायची. माझ्या डोळ्याला नको झालेलं काजळ त्यांच्या मुलीच्या डोळ्याला कसं चालेल, हे मनात आलंच नव्हतं. या वेळी पिशवी त्यांच्या हातात दिली नाही.

क्रीमची डबी मात्र मोरीत धुतली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पार्लरवाल्या ताईंना दाखवायला नेली. "कुठून येते हो ही?"

"बॅगवाला आणून देतो, वहिनी. त्याचा नंबरसुद्धा लागत नाही आता."

त्यांच्या कपाटात तसल्या आणखी अकरा डबड्या होत्या. बुधवारी आम्ही दोघी मिळून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाणार आहोत.