पत्ते पिसले तरी घरे तीच!

आमच्या वस्त्यांमधून पत्रिका आपोआप गेली नाही, ती घालवावी लागली. मुंबई इलाख्यात ग्रामजोशाचा हक्क इतका पक्का होता की सत्यशोधकांनी भटाविना लग्न लावले तरी बुडालेल्या दक्षिणेसाठी जोशी कोर्टात जात. तो हक्क कायद्याने संपला 1926 साली, रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा 1923 चा ठराव मांडणारे बोले ते हेच. म्हणजे चवदार तळे आणि जोशाची दक्षिणा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कायदेमंडळात नेल्या. पुढे 1956 आले आणि आमच्या घरातली लग्ने मुहूर्त सोडून रविवार बघून होऊ लागली.

आता ज्योतिष परत येते आहे, पण या खेपेला त्याच्या कपाळाला गंध नाही. ते इन्स्टाग्रामवर येते, अर्धे इंग्रजी बोलते आणि त्याचे नाव टॅरो. त्यातही सध्या चलती आहे ती 'बारा घरांच्या' मांडणीची. पत्ते पिसायचे, बारा पत्ते वर्तुळात मांडायचे आणि प्रत्येक जागेला कुंडलीतले एक स्थान मानायचे. पहिले तनू, दुसरे धन, सातवे लग्नाचे, आठवे मृत्यूचे, दहावे कर्माचे, बारावे व्ययाचे. काही जण जन्मपत्रिका समोर ठेवून तिच्याच घरांवर पत्ते टाकतात. आमची शिकलेली पोरेपोरी सांगतात, "यात भटजी नाही, जात नाही, हे वेगळे आहे." हे कितपत वेगळे आहे, ते तपासून बघू.

टॅरोचे 78 पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, तेही खेळण्यासाठी. त्यांत इजिप्तचे गूढ ज्ञान दडले आहे, हा शोध 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने लावला. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली 1822 मध्ये! पत्त्यांना ग्रह आणि राशी पद्धतशीर चिकटवल्या त्या 1888 साली लंडनमध्ये निघालेल्या 'गोल्डन डॉन' मंडळाने. तिकडे आपल्या 'वैदिक' म्हणवणाऱ्या कुंडलीतले केंद्र, पणफर, आपोक्लिम, होरा हे शब्द मुळात ग्रीक. परदेशी म्हणून आमचा आक्षेप नाही. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युईंकडून जे घेतले त्याचा आम्हाला अभिमानच आहे. आक्षेप आहे तो खोट्या सनदेवर.

दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की गंमत आणखी वाढते. कुंडली म्हणते, तुझे सगळे जन्माच्या क्षणी ठरले. टॅरो म्हणते, तू आत्ता पत्ते पिसलेस त्यावरून कळेल. जन्मवेळेने ठरले असेल तर पत्ते पिसायचे कशाला? आणि पिसण्याने कळत असेल तर जन्माची घरे कशाला? पाच मिनिटांनी पुन्हा पिसा, सातव्या घरात दुसरा पत्ता येईल. रीडर म्हणेल, ऊर्जा बदलली. एकमेकांना खोडणारे दोन दावे एकत्र केल्याने सत्य दुप्पट होत नाही, पळवाटा मात्र दुप्पट होतात.

आता जातीकडे येऊ. विवाहाच्या 36 गुणांतला पहिला गुण कशाचा? वर्णाचा. कर्क, वृश्चिक, मीन या राशी विप्र. मिथुन, तूळ, कुंभ या शूद्र. आणि वधूचा वर्ण वरापेक्षा वरचा नको. वराहमिहिराचे बृहज्जातक उघडा. तिथे गुरू-शुक्र ब्राह्मणांचे, रवी-मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा आणि शनी अंत्यजांचा. ज्याच्या साडेसातीला सगळे घाबरतात तो ग्रह आमच्या वाट्याला आला, हा योगायोग समजायचा काय?

कोणी म्हणेल, हे राशी-ग्रहांचे झाले, नुसत्या घरांत वर्ण कुठे आहे? पण नुसते घर बोलत नाही, ग्रह आल्यावर ते बोलते. गोल्डन डॉनच्या यादीत 'टॉवर' हा पत्ता मंगळाचा आहे, त्यावर वीज पडून कोसळणारा मनोरा असतो. तो सातव्या घरात पडला की अर्थ काय लावणार? सप्तमातला मंगळ! ज्या मुलीच्या घरात दोन पिढ्या पत्रिका नाही, तिला अशी 'मंगळाची' ठरवता येते. (कुंडलीत बारापैकी पाच घरांतला मंगळ दोषाचा, म्हणजे शंभरात चाळीसएक जण मंगळाचे. पत्त्यांत टॉवर त्या पाच घरांत पडण्याची शक्यता 78 मध्ये 5. तेवढे पत्ते दयाळू म्हणायचे!)

पत्रिकेचीच परीक्षा घ्यायची तर ती महाराष्ट्रात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्याचे आव्हान ज्योतिष्यांना दिले होते. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरे पाठवली आणि बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणे उडवले असते तरी याहून बरे झाले असते.

खरे नुकसान पैशाचे नाही. एमपीएससीचा तिसरा प्रयत्न हुकलेला मुलगा विचारतो, माझे का होत नाही? दशम स्थानातला पत्ता उत्तर देतो, तुझे कर्म आड येते आहे. रखडलेली भरती, न भरलेला अनुशेष, उशिरा मिळालेली शिष्यवृत्ती, क्लासची फी हे त्या 78 पत्त्यांत कुठेच नाही. जातीबाहेर प्रेम करणाऱ्या मुलीला सातव्या घरातला 'डेव्हिल' सांगतो की हे नाते विषारी आहे, आणि जे काम तिच्या बापाला आणि भावाला जमले नाही ते पत्ता करून टाकतो. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, हे सांगणाऱ्या तथागतांनी भविष्यकथनावर पोट भरणे ब्रह्मजाल सुत्तात भिक्खूंसाठी त्याज्य ठरवले, ते उगीच नाही.

"आम्ही ते खरे मानत नाही, मन मोकळे होते म्हणून जातो," असेही काही जण म्हणतात. या म्हणण्याला आम्ही हसणार नाही. तासभर कोणी समोर बसून आपले ऐकते, ही लहान गोष्ट नाही. चळवळीने तरुणांना भाषणे भरपूर दिली, पण त्यांचे ऐकून घेतले कमी. टॅरोवाल्यांवर मीम टाकणाऱ्या कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावे, नापास झालेला पोरगा आपल्यापैकी कोणाकडे येतो? पण ऐकून घेण्यासाठी बारा घरे लागत नाहीत. ऐकणाऱ्याने शेवटी तुझे अष्टम बिघडले असे सांगितले, तर मोकळे झालेले मन पुन्हा बांधले जाते.

वर्षावासात विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते. वाचन आटोपल्यावर अर्धा तास पोरांसाठी ठेवा. एखादा स्पर्धा परीक्षेतून नोकरीला लागलेला, एखादी आंतरजातीय लग्न केलेली ताई, एखादा वकील, जमल्यास एखादा समुपदेशक तिथे बसू द्या. माइक बंद, अध्यक्षीय भाषण नाही, आणि घरी परतायच्या आत प्रत्येकाचा प्रश्न कोणीतरी वहीत टिपून घेतलेला असावा.